सेफ्टी शूजमधली पावडर

‘पास’ हा शब्द नुसता ऐकला तरी अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

चाकणच्या एका खासगी लॅबमध्ये मी जंतूंच्या चाचण्या करते. मागे तिथं एक पावडर तपासायला आली. झिओलाइट नावाचं, अतिबारीक भोकांचं खनिज; त्या भोकांत तांबं भरलेलं. तांब्यानं जंतू मरतात, म्हणून ही पावडर कामगारांच्या सेफ्टी शूजमध्ये टाकायची, असा बनवणाऱ्याचा बेत. मला मनापासून आनंद झाला. माझा नवरा मोशीचा, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकायच्या कामाला. त्या जड बुटांत दिवसभर पाय उकडून निघतात, बोटांच्या बेचक्यांत कायम चिखल्या.

जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत पावडर ठेवली, तर तिच्याभोवती स्वच्छ कडं पडलं, म्हणजे तिथले जंतू मेले. सरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, लगेच मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकाला धाडला. मग मी तोच डोस लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या कातडीच्या पेशींना दिला. धडधाकट पेशी तळाला चिकटून पसरलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर सगळ्या गोल होऊन तरंगत होत्या. मेल्या होत्या. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

“सर, जंतू मरतात त्याच डोसला कातडीही मरतेय.”

“मग डोस कमी करा ना, मॅडम.”

केला. पेशी खुशाल जगल्या. जंतूही खुशाल जगले! सरांनी काय करावं? जंतूंचा निकाल जास्त डोसचा उचलला, पेशींचा कमी डोसचा, आणि रिपोर्टात दोन्हींपुढे ‘पास’ लिहायला लावलं. मी कडाकडा भांडले. “यात खोटं काय आहे? दोन्ही निकाल तुमचेच,” ते हसून म्हणाले. मी सही केली नाही. सही दुसऱ्या कुणीतरी केली, आणि लॅबमधले सगळे मला पुढं कितीतरी दिवस ‘तत्त्वाच्या बाई’ म्हणून चिडवत राहिले.

काही महिन्यांनी नवरा शिफ्टवरून लंगडतच घरी आला. मोजा अक्षरशः सोलून काढावा लागला. बोटांमधली कातडी निघालेली, खाली लालभडक मांस. डब्याच्या पिशवीतून त्यानं कंपनीनं फुकट वाटलेली डबी काढली. या पावडरीवरून मी घरी किती चरफडले होते. पण डबीवर नाव भलतंच, त्याला कळणार कसं? मागं बारीक अक्षरांत झिओलाइट, तांबं, ‘त्वचेसाठी सुरक्षित’, आणि खाली आमच्या लॅबचं नाव.

“कधीपासून टाकताय?”

“आठ-धा दिस झालं. चुरचुरतंय, म्हंजी लागू पडतंय न्हवं? म्हनून वाईच जास्तच टाकली.”

मला रडू आलं नाही, संताप आला. औषध झोंबलं म्हणजे गुण येणार, असं आपण पोरांनाही सांगतो. लोकांच्या याच भाबडेपणावर यांचा धंदा चालतो! रात्रभर मी धुमसत होते.

सकाळी ती डबी सरांच्या टेबलावर आदळली.

“बूट काढा, सर.”

“काय?”

“मोजेही काढा. सुरक्षित आहे ना? आपलीच लॅब म्हणतेय. बोटांत टाका, बूट चढवा आणि संध्याकाळपर्यंत बसून राहा.”

सरांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.