बॉनेटवरचं स्वस्तिक

परवा नातवानं विकत घ्यायची म्हणून एक जुनी गाडी दारात आणली, आत मोगऱ्याच्या अत्तराचा घमघमाट, आणि माझं डोकंच फिरलं. पंधरा वर्षांपूर्वी नांदेडच्या एका डीलरकडून आम्ही घेतलेली जुनी गाडीही अशीच घमघमत होती. यांना उपचारासाठी लातूरला न्यायची सोय व्हावी म्हणून घेतलेली. हे म्हणाले, "बॉनेट उघडून बघू." पण मी अतिशहाणी, तिथंच बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून मोकळी. "आता न्हाई उघडायचं, कुंकू पुसंल." लोह्याच्या पुढं गाडी बंद पडली आणि आजारी माणूस दोन तास उन्हात बसला. मेकॅनिकनं सीटखालची मॅट उचलली तर पुराच्या पाण्याचा वाळलेला गाळ. डीलर निर्लज्जासारखा म्हणाला, "मावशी, तुम्हीच बॉनेट उघडू दिलं न्हाई की." त्याला ग्राहक मंचात खेचलं, तर तिथंही त्यानं तेच तुणतुणं वाजवलं. मी म्हणाले, "साहेब, कुंकू मी लावलं, येडी मीच. पण गाळावर अत्तर यानं शिंपडलं." गाडी त्याला परत घ्यावी लागली, पण यांचे ते उन्हातले दोन तास आठवले की अजून अंग पेटतं. परवा मी कुंकवाचा करंडा पदराखाली धरला आणि नातवाला म्हणाले, "आधी बॉनेट उघड, मॅट उचल. कुंकू कुठं पळून न्हाई चाललं."