तबला सोलो आणि देवी

कापसाचं सगळंच बिघडलं त्या वर्षांत मी अमरावतीत शिवणक्लासच्या नावाखाली पोट हलवायला, म्हणजे बेली डान्स, शिकत होते. शिकवायच्या आमच्या गल्लीतल्या खाला. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या बरीच वर्षं कैरोत राहिल्या होत्या आणि येताना पिशवीभर कॅसेटी घेऊन आल्या होत्या. बलदी ही संथ चाल लागली की अकॉर्डियन एकटंच गळा काढायचं आणि आपण नुसता श्वास घेत उभं राहायचं. सईदी म्हणजे तिकडच्या खेड्यातला ठेका, काठी घेऊन नाचायचा. आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची वाळकी काडी, घ्यायचो आणि ती मोडायची. तबला सोलोत मात्र नुसता तिकडचा सुरईसारखा तबला कडाडायचा आणि अंगभर थरथर आणायची. "पेट को तुम मत हिलाओ, बाजे को हिलाने दो," खाला म्हणायच्या. माझं पोट बाजाचंही ऐकायचं नाही.

सासूबाईंना कळलं असतं तर क्लास बंद झाला असता, आणि अख्ख्या आठवड्यात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. म्हणून त्या भजनाला गेल्या की मी दार लोटून, खालांची कॅसेट लावून सराव करायचे.

एका मंगळवारी भजन लवकर आटोपलं. इकडे तबला सोलो रंगात आला होता, माझे केस सुटलेले, डोळे मिटलेले. सासूबाई तिवस्याच्या चुलतबहिणीला घेऊन कधी आत आल्या कळलंच नाही. डोळे उघडले तर त्या मावशी माझ्या पायाशी.

"बाई वं! सुनेच्या अंगात आलं!"

मी जाम घाबरले. भीतीनं थरथर थांबायच्या ऐवजी वाढली. इतकी छान थरथर मला क्लासात कधी जमली नव्हती. सासूबाई एकदा माझ्याकडे, एकदा टेपकडे बघत होत्या. मावशींनी देव्हाऱ्यातलं कुंकू आणून माझ्या कपाळाला फासलं आणि हात जोडले.

"माय, औंदा कापसाले भाव भेटन का वं? पोरीचं लगन थांबून राह्यलं."

मला फुटू पाहणारं हसू तिथंच विरलं. फार वाईट वाटलं.

"भेटन," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग मोह आवरेना. "अन् सुनेले शिवणक्लासले जाऊ द्या."

कॅसेट खटकन संपली, तशी देवीही गेली. मावशी चहा पिऊन हसतमुखानं तिवस्याला परतल्या. सासूबाई दार लावून आल्या.

"मले काय समजत नाही? देवी काय कॅसेट लावून येते? पण तिनं इचारलं तेवा तू सोंग टाकून तिची आस मोडली असती नं, तं मी तुले माफ केलं नसतं. जात जाय त्या क्लासले."

भाव काही मिळाला नाही. दिवाळीनंतर मावशी पुन्हा आल्या. मी तोंड लपवायला स्वयंपाकघरात शिरले, तर त्या मागोमाग आत.

"भाव तं नाही भेटला वं. पण थे देवीचं बाजं लाव. त्या दिवशी मले लय बरं वाटलं होतं."

सासूबाईंनीच कॅसेट आणून दिली. मी तबला सोलो लावला. या खेपेला तिघींच्याही अंगात आलं.