कंट्रोलचे खडे

रंगराव चाकणच्या कारखान्यात रंगकामाला होते. तपासणी शिबिरात बिस्किटाचा पुडा हातावर टेकवून संशोधकांनी कामगारांचं रक्त नेलं, रुग्णांशी तुलनेसाठी 'निरोगी गट' म्हणून. आज रंगराव डायलिसिसवर आहेत. त्या रक्तातल्या प्रथिनांची मोजणी मात्र नेटवर जगाला खुली आहे.

त्यांची लेक निशिगंधा माणच्या औषध कंपनीत तीच मोजणी नव्याने तपासत होती. मूत्रपिंड बिघडल्यावर वाढणारं प्रथिन काही 'निरोगी' नमुन्यांत भरमसाठ निघालं.

साहेब म्हणाले, "काढून टाक ते. तुलनेचा कंट्रोल ग्रुप स्वच्छ हवा."

घरी तिने हे सांगितलं. रेशनला जन्मभर कंट्रोल म्हणणारे रंगराव फिस्कारले, "कंट्रोलचाच माल आम्ही! खडे निवडून फेकणारच की."

सकाळी निशिगंधाने ते नमुने फेकले. त्यांत बाप कोणता, कळायला नावंच नव्हती.