शकूवहिनींची लाल बाटली

भिलाईत लाल वाइनची पारख माझ्याइतकी कोणाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आता एकूण बाटल्या किती प्यालो म्हणाल, तर एक. तीही अर्धी, आणि चोरून! हसा, हसा. पण त्या अर्ध्या बाटलीत मी असा बुडालो, की अजून वर आलो नाही.

वामन माझा शेजारी. नेहरू नगरात भिंतीला भिंत. स्टील प्लांटात तीस वर्षं आम्ही एकाच शिफ्टला. त्याचा डबा पळवणं, त्याच्या बुटात कांदे भरणं, हे माझं पगाराबाहेरचं काम. भादव्यात त्याची बायको, आमची शकूवहिनी, गेली. दिवाळीनंतर लेक त्याला चार दिवस नाशिकला घेऊन गेली, आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली दिली माझ्याकडे. माझ्याकडे! विचार करा.

तुळशीला पाणी घातलं आणि फ्रिज उघडला. कावून उघडला? सवय! दारात उभी नाशिकच्या लाल वाइनची अर्धी बाटली. म्हटलं, हा लेकाचा एकटाच पिऊन राहिला आणि मले विचारत नाही? थांब, बघतो तुला.

मागच्या लेबलावर कशासोबत प्यावी ते इंग्रजीत छापलेलं. माझं इंग्रजी सातवीचं, पण ‘मीट’ आणि ‘स्पायसी’ एवढं कळलं. पहिल्या दिवशी मटणाची तर्री केली. एक घोट घेतला आणि काय सांगू, जाळत जाळत थेट बेंबीपर्यंत! म्हटलं, असली माल. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठाचा फरा आणि टमाट्याची चटणी. तिसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत. निकाल असा: मटणाला शोभते, फऱ्याला चालते, भरताशी मात्र भांडते.

चहाच्या टपरीवर मी भाषणच ठोकलं. “काळ्या मिठासारखा वास येते ना, तो लाकडी पिंपाचा राहते. तुमाले नाही समजणार!”

घरी बायको म्हणाली, “कावून जी, जीभ जांभळी कावून दिसून राहिली?”

“उंची वाइनची हेच निशाणी राहते.”

“मंग पोट धरून कावून बसले?”



चौथ्या दिवशी वामन येणार. मी खोडकर आहे, चोर नाही. बसने रायपूर गाठलं, त्याच लेबलाची बाटली घेतली. येताना वाटेत कुम्हारीच्या ट्रॅफिक जाममध्ये तासभर तिला तान्ह्या पोरीसारखी मांडीवर घेऊन बसलो. मग रिकाम्या झालेल्या जुन्या बाटलीत आधी होती तितकीच नवी ओतली आणि ठेवली जागेवर.

संध्याकाळी वामन जेवायला बसला. समोर मी, हसू दाबून. त्यानं बाटली काढली, दोन चमचे पाण्यात टाकले, नाक दाबलं आणि गटकन प्याला.

वाइन? चमच्यानं? नाक दाबून?

त्यानं नाक सोडलं. “जळलं नाही.”

“काय?”

“गळ्यात. रोज जळते.” त्यानं बाटली हुंगली. “बबन, हे काय हाय?”

“वाइन! नाशिकची! जुनी तीन दिवस मीच चाखून संपवली, हे नवी. पकडली का नाही तुही चोरी?”

“वाइन तर जावयानं आणली होती, तो घरी परतल्याबरोबर शकूनं मोरीत ओतली. बाटली मजबूत हाय म्हून ठेवली. श्रावणात तिनं जांभळं आंबवून केलेला सिरका भरला त्यात. माह्या शुगरसाठी.” त्यानं लेबलावरून अंगठा फिरवला. “तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. लोणचं सरलं, पापड सरले. दोन-दोन चमचे करून वर्षश्राद्धापर्यंत पुरवून राहिलो होतो.”

तीन दिवसांच्या जेवणांत मी काय काय संपवलं, ते तेव्हा कळलं. गप्प बसायचं ना? पण जीभ, जांभळी असली तरी माझीच. म्हणालो, “मंग हेच घेत जाय ना बाप्पा. मटणासंग मस्त जाते.”

वामन हसला नाही. रागावलाही नाही. त्यानं बाटलीचं झाकण हळूहळू लावलं.

“दरसाल ती भरे आणि मी नाक दाबून पेत होतो. एकदाबी चव नाही घेतली. तू तर तीन दिवस चाखून चाखून पेलास ना? मंग सांग बबन, कसा लागे तिच्या हातचा?”