गोड्या पाण्याच्या दोन बादल्या

वस्तू वापरण्यासाठी असतात, यावर माझ्या थोरल्या साडूंचा कधीच विश्वास नव्हता. त्यांच्या मते वस्तू सांभाळण्यासाठी असतात आणि वापर हा त्यांच्यावर अधूनमधून ओढवणारा प्रसंग असतो. वागळे इस्टेटमधल्या एका रबराच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वॉशर आणि गॅस्केट बनवले, त्यामुळे रबर दिसलं की त्यांचा जीव हळवा होतो. जेवण झालं की ते कुकरची रिंग काढून, धुऊन, पुसून खुंटीला अडकवत. नव्या पाहुण्यांना ती पूजेची वस्तू वाटे आणि ते बिचारे तिला हात लागू नये म्हणून अंग चोरून जात.

अशा माणसाच्या घरात वेटसूट आला म्हणजे काय झालं असेल ते बघा. त्यांची मुलगी, आमची भाची नीतू, समुद्रात लांब पल्ल्याचं पोहायची. हिवाळ्यात पहाटे पाण्यात उतरताना लेकीला हुडहुडी भरू नये म्हणून साडूंनी तो अंगासरशी बसणारा जाड, काळा रबरी पोशाख घेतला आणि डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत चौथं माणूस राहायला आलं. शर्यतीहून परतल्यावर आंघोळीचा पहिला मान सूटचा, मग नीतूचा. खारं पाणी वाळलं की रबर खातं, म्हणून तो गोड्या पाण्यात बुडवायचा, उलटा करून पुन्हा बुडवायचा. साबणाची पावडर नाही, गरम पाणी नाही, पिळणं तर नाहीच. नळाला पाणी नसेल त्या दिवशीही दोन बादल्या सूटसाठी राखीव असत आणि साडू स्वतः तांब्याभर पाण्यात उरकून कामावर जात. मग गॅलरीत, सावलीत, जाड पाइपावर कमरेतून दुमडून आधी आतली बाजू वाळवायची, नंतर बाहेरची. खांद्यांवर टांगला तर स्वतःच्याच वजनाने ताणतो म्हणे. चेन अडू नये म्हणून तिला मेणबत्ती घासायची. मी एकदा नुसता हात लावायला गेलो तर म्हणाले, "आधी नखं कापून या." मी घरी जाऊन कापून आलो, हेही सांगून टाकतो. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, एकदा प्रेमापोटी तो गच्चीवर गोधड्यांशेजारी उन्हात टाकला. साडू छत्री घेऊन धावले आणि ऊन कलेपर्यंत सूटवर छत्री धरून उभे राहिले. तो उचलून आत आणावा हे त्यांना सुचलंच नाही.

चार वर्षांपूर्वी एका शर्यतीत नीतूच्या पायात गोळा आला. ती गटांगळ्या खाऊ लागली आणि तिला होडीत ओढून घ्यावं लागलं. त्या दिवसानंतर ती पाण्यात उतरली नाही. नोकरी, मैत्रिणी, सिनेमे, सगळं नीट चाललं होतं. पोहण्याचा विषय निघाला की ती उठून आत जायची. साडूंनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. ते फक्त दर महिन्याला तो कोरडा, कुणी न घातलेला सूट काढून धूत राहिले. आधी मला हसू यायचं, नंतर येईनासं झालं. एकदा न राहवून मी विचारलं, "भाऊ, मळलेला नसताना धुता कशाला?"

"अहो, रबर वापरून जात नाही," ते म्हणाले. "पडून राहिलं की जातं. कडक होतं. मी नुसतं धुऊन किती दिवस काढणार? आत माणूस हवं."

गेल्या डिसेंबरात मात्र ते बोलले. "नीतू, एकदा अंगात घाल. खडवलीला नदीवर जाऊ. नुसती उभी राहा." शेवटी ती म्हणाली, "फक्त गुडघाभर हं, बाबा."

नदीकाठी, पाय रबरात सहज सरकावेत म्हणून पावलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, एक बाही मी आणि एक ताईंनी ओढून आम्ही नीतूला त्या सूटमध्ये बसवलं. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि तिथेच थिजली. "बाबा, घरी जाऊ या."

"अगं, काही नाही गं, बघ," म्हणत साडू पॅन्ट दुमडून तिच्याही पुढे गेले. कमरेएवढ्या पाण्यात शेवाळावरून पाय सटकला आणि ते दिसेनासे झाले. ताई किंचाळल्या, "अरे, यांना पोहता येत नाही!" मला हे इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी चप्पल काढेपर्यंत नीतूने सूर मारला होता. चार हात मारून ती पोहोचली, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना काठाला आणलं.

"येत नाही ना पोहता? मग कशाला गेलास?" ती रडत ओरडत होती.

साडू खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तू होतीस ना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ती उठून परत पाण्यात गेली आणि सावकाश पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेली. मुद्दाम गेलात का, हे मी साडूंना तेव्हाही विचारलं नाही आणि आजही विचारत नाही.

हल्ली दर रविवारी बापलेक पाण्यावर जातात. परवा साडू मला सूटचे गुडघे दाखवत होते. "झिजलाय हो," ते म्हणाले. "फार तर अजून एक वर्ष." आणि हे ते चक्क समाधानाने म्हणाले.