तोंडावरचा पदर

तुमसरहून नाकाडोंगरीला जाणाऱ्या एसटीत त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पुढच्या बाकावर दोन गुरुजी पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर भांडत होते. एकाचं म्हणणं मराठी मरून राहिली, दुसऱ्याचं म्हणणं हिंदीशिवाय पोराईले नोकरी कोण देईल. मराठीच्या बाजूनं मीही मधूनमधून तोंड घालत होतो.

बाई कंडक्टरशी मराठीत बोलल्या, चणेवाल्याशी हिंदीत, दोन्ही वेळा चांगल्या मोठ्यानं. मग त्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांनी पदर तोंडावर ओढला, मान खिडकीकडे वळवली आणि गोंडीत कुजबुजू लागल्या. चोरून विडी ओढावी तसं चाललेलं ते बोलणं मला बघवेना. फोन ठेवल्यावर न राहवून विचारलंच.

"मावशी, पदर काहून घेतला? इथं कोण काय म्हणते?"

"म्हणत नाही कोणी. वळून पाहतेत." त्यांनी पदर नीट केला. "लहानपणी शाळेत गोंडी बोललो का मार पडे. आता हे दोघं भांडून राहिले ना, त्यायच्यातला कोणीबी जिंको भाऊ, मले पदर घ्याच लागते."

मी उगाच तिकिटाच्या घड्या घालत राहिलो.

नाकाडोंगरीला त्या उतरल्या. रस्त्यापलीकडे बहीण उभी होती. पदर खांद्यावर टाकून त्यांनी तिला गोंडीत खणखणीत हाक मारली.

तासभर एकाही गोष्टीवर एकमत न झालेले ते दोन्ही गुरुजी एकदमच वळले आणि बघत राहिले. मीही.