पाणी न पिणारी लाईन

"मॅडम, फाईलवर तुम्हीच लिहिलंय," एचआर मॅनेजरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आता उलट कसं बोलता?"

लिहिलं होतं खरं. माझ्याच अक्षरात, नॉन-कॉम्प्लायंट. म्हणजे सल्ला देऊनही पेशंट तो पाळत नाही. त्या एका शब्दावर लाईनवर काम करणाऱ्या मंगलताईंचं कॉन्ट्रॅक्ट संपवायचं ठरलं होतं. सारख्या रजा, आणि स्वतःच्या तब्येतीची बेफिकिरी.

मी डायटिशियन. नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दर बुधवारी जायचे. कंपनीने बायकांच्या लाईनवर प्रत्येकीला तासांच्या खुणा असलेली पाण्याची बाटली दिली होती. कॅन्टीनमध्ये ऑर्गेनिक सॅलडचं काउंटर होतं. मला त्याचं फार कौतुक. माझे आईवडील शाळेत गेले नाहीत. नांदगावच्या शाळेतल्या बाईंनी कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून दिला म्हणून मी पदवीधर झाले. एवढ्या मोठ्या कंपनीने आपल्याला बोलावलं, यातच मी खूश होते.

मंगलताई सायखेड्याहून यायच्या. त्यांना युरिन इन्फेक्शन तिसऱ्यांदा झालं होतं. मी लघवीच्या रंगांचा तक्ता दाखवला, लिंबूपाणी सांगितलं, ताक सांगितलं. दर बुधवारी बाटली भरलेलीच. ताटातली काकडीसुद्धा बाजूला काढलेली. शेवटी मी वैतागले आणि तो शब्द लिहून मोकळी झाले.

कॉन्ट्रॅक्टचं कळल्यावर त्या माझ्याकडे आल्या. आवाज चढवला नाही.

"पाणी प्या, पाणी प्या करता मॅडम. पण जायचं कसं, ते एकदा बी इचारलं नाय तुमी."

मला हाताला धरून त्यांनी लाईनवर नेलं. सुपरवायझरच्या टेबलावर खिळ्याला एक पिवळं कार्ड टांगलेलं होतं. तीस बायका, कार्ड एक. ते गळ्यात घालून एक जण बाथरूमला जाणार, ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. बाथरूम शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. सुपरवायझर मिनिटं लिहून ठेवतो. कोणी दुसऱ्यांदा कार्ड मागितलं की सगळ्यांदेखत विचारतो, आज घरी टँकर आला होता का.

"मग नाय पीत आमी," मंगलताई म्हणाल्या. "निघताना चहा बी अर्धाच घेतो. काकडीनं लय लागते, म्हणून ती बी नाय."

माझं डोकं फिरलं. सुपरवायझरवर, कंपनीवर, आणि माझ्यावर. दोन महिने मी त्या बाईला तक्ते दाखवत होते. खिळ्याला टांगलेलं कार्ड माझ्या वाटेवरच होतं. मला वाटलं, स्टोअरचा पास असेल.

तशीच एचआरच्या केबिनमध्ये गेले. तिथेच त्यांनी तो कागद पुढे सरकवला.

"कार्ड काढलं तर लाईन थांबेल," ते म्हणाले. "तुम्ही काकडी-गाजरापुरतं बोला."

"सर, बायका लघवी धरून बसतात. त्याने ताप येतो, रजा पडते. आणि रजेचं खापर तुम्ही माझ्या एका शब्दाच्या आधाराने मंगलताईंवर फोडताय."

ते हसले. बहुतेक मी नवखी आहे म्हणून. मी पेन काढलं. त्यांच्यासमोर जुन्या शब्दावर एक रेघ मारली, सही केली, तारीख घातली. खाली लिहिलं: पेशंट सल्ला पाळू शकत नाही. कारण, कामाच्या वेळेत बाथरूमला जाण्यावर बंधन. एक प्रत कारखान्याच्या डॉक्टरांना दिली. दुसरी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला पाठवणार, असं सांगितलं आणि त्याच दुपारी पाठवली.

पुढच्या आठवड्यात कार्ड गेलं. मंगलताईंचं कॉन्ट्रॅक्ट आणखी सहा महिन्यांसाठी वाढलं. मलाही पत्र आलं. वेलनेस प्रोग्राम यशस्वीपणे पूर्ण झाला आहे, बुधवारी येण्याची आवश्यकता नाही.

आता नवा पेशंट आला की किती पाणी पिता, हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, कामावर बाथरूम कुठे आहे आणि तिथे जायला कोणाला विचारावं लागतं.